गटारात जगणारा गप्पी काचेच्या टाकीत का मरतो?

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: अमुक वॉर्डातल्या डबक्यांत, तमुक गावच्या नाल्यात गप्पी मासे सोडले. डासांच्या अळ्या खाणारे हे मासे तिथे जगतात, आणि दोन-तीन महिन्यांत त्यांचा नुसता बुजबुजाट होतो. त्याच जातीचा, रंगीत शेपटीचा गप्पी दुकानातून आणून घासूनपुसून लख्ख केलेल्या टाकीत सोडावा, तर आठवड्याभरात पोट वर करून तरंगतो. पोरं हिरमुसतात, दुकानदार ‘पाणी खराब असेल’ म्हणतो आणि टाकी माळ्यावर जाते.

दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही. पण ही खराबी डोळ्यांना दिसत नाही, आणि टाकी जितकी नवी, जितकी धुतलेली, तितकी ती जास्त असते.

मासा नेमका कशाने मरतो?

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा टाकाऊ भाग अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात सोडतो. उरलेलं खाणं आणि सडलेली पानं यांतूनही अमोनियाच तयार होतो. तो वाढला की कल्ले जळतात. मासे वर येऊन तोंड उघडं ठेवून धापा टाकताना दिसतात, कल्ले लालभडक होतात, शेपटीचे पंख मिटलेले राहतात. पाणी मात्र नितळच असतं.

नदी-नाल्यात या अमोनियाचा बंदोबस्त जिवाणू करतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषच, कारण ते माशाच्या रक्तात शिरून रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि हे मासे बऱ्यापैकी सोसतात. युरिया टाकल्यावर पिकाला शेवटी जे नत्र मिळतं ते बहुतांशी याच रूपात. या साखळीला नायट्रोजन चक्र म्हणतात.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते दगडाला, रेतीला, काचेला आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजला चिकटून राहतात. नाल्यातल्या प्रत्येक बुळबुळीत दगडावर त्यांचा थर असतो, शिवाय शेवाळ अमोनिया शोषतं आणि गप्पीला पाण्याच्या अगदी वरच्या, हवेला टेकलेल्या थरातून ऑक्सिजन घेता येतो. नव्या टाकीत यातलं काहीच नसतं. जिवाणूंची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण मासे सोडतो पहिल्याच संध्याकाळी. (नाल्यात सोडलेल्यांपैकी किती मेले हे कोणी मोजत नाही, हेही आहेच. दिसतात ते तगलेले.)

सहा आठवडे रिकामी टाकी बघत बसायचं का?

दुधाला विरजण लावतो तसं टाकीला विरजण लावता येतं. ओळखीच्या कोणाकडे वर्ष-सहा महिने चाललेली, निरोगी माशांची टाकी असेल तर तिथला वापरातला स्पंज किंवा त्याचा तुकडा घ्या. तो टाकीच्याच पाण्यात बुडवून आणा, वाटेत सुकू देऊ नका आणि घरी आल्यावर लगेच आपल्या फिल्टरजवळ ठेवा. चक्र बसायला दीड महिन्याऐवजी आठ-पंधरा दिवस पुरतात.

मांडणी अशी करावी. टाकी २४ × १२ × १२ इंचांची घ्यावी. रेती आणि वरची मोकळी जागा सोडून तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी राहतं. भरल्यावर सगळं मिळून वजन साठ-सत्तर किलोंवर जातं, म्हणून लोखंडी स्टँड किंवा भक्कम कट्टा हवा आणि खाली थर्माकोलची शीट, नाहीतर तळाच्या काचेला एखादा खडा बोचून तडा जातो. फिल्टर साधा, एअर पंपावर चालणारा स्पंजचाच घ्यावा. पिल्लं काढायची असतील तर मोटरवाला फिल्टर नकोच, तो पिल्लं ओढून घेतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवावा. खाली ठेवला तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं, आणि आपल्याकडे वीज जाते हे वेगळं सांगायला नको.

टाकी भरून पंप चालू केल्यावर रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहावं. ते सडून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खुराक मिळतो. पाणी तपासायची थेंबांची किट मिळते. तिच्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. किट नसेल तर पहिला महिना दोन-तीन साध्या गप्पींवरच भागवावं, खाणं एकदाच आणि अगदी थोडं द्यावं आणि दर तीन दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी बदलावं.

बोअरचं पाणी चालेल का?

मराठवाड्यात बहुतेकांची खरी अडचण इथे असते. आपली जमीन बेसॉल्ट खडकाची, त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, ते हे जड पाणी. दुकानात निऑन टेट्रा, डिस्कस, एंजल असे ॲमेझॉन खोऱ्यातले मासे टांगलेले असतात. त्यांना मऊ, किंचित आम्ल पाणी लागतं. टाकीत पैदास झालेले एंजल जड पाण्यात जगतात, पण बाकीच्यांना आपल्या बोअरमध्ये सुख नाही.

गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांना मात्र जड पाणीच मानवतं. हे चौघंही अंडी न घालता पोहती पिल्लं देणारे. मॉलीला तर मऊ पाण्यात त्रास होतो, ती जागच्या जागी अंग हलवत राहते. म्हणून आरओचं पाणी, पीएच कमी करणारी औषधं असल्या खटाटोपात पडण्यापेक्षा घरच्या पाण्याला साजेसा मासा घ्यावा. नुसत्या आरओ पाण्यात तर गप्पीही टिकत नाही, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. आणि आरओच्या बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, ते टाकीत नको.

टँकरचं किंवा नळाचं पाणी असेल तर क्लोरीन बघावं. गावात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की एक-दोन दिवस ते पाणी टाकीत घालू नये. बादलीत काढून एअर स्टोन लावून २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, ते म्हणजे सोडियम थायोसल्फेटच. छत्रपती संभाजीनगरात नळाला दिवसाआड सोडा, कित्येक दिवसांनी पाणी येतं; तिथे हौदात साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन बहुधा आपसूकच गेलेलं असतं. हौद नवीन सिमेंटचा असेल तर मात्र त्यातलं पाणी वापरू नये, त्याचा सामू (पीएच) फार चढलेला असतो.

जड पाण्याचा मग काहीच तोटा नाही?

आहे, आणि तो दुकानदार सांगत नाहीत. माती परीक्षणाच्या अहवालात असतो तोच सामू, म्हणजे पीएच, आपल्या बोअरच्या पाण्यात बहुधा ८ च्या आसपास असतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक जवळपास निरुपद्रवी आणि दुसरं जहाल. सामू ७ आणि तापमान २५ अंश असताना एकूण अमोनियातला साधारण अर्धा टक्का जहाल असतो. सामू ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. त्यात मे महिना येऊन पाणी ३२ अंशांवर गेलं की आठ टक्के.

म्हणजे पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्याच्या टाकीत जेवढं जास्तीचं खाणं खपून जाईल, तेवढंच परभणी-नांदेडच्या टाकीत मासे मारतं. ‘मित्राच्या टाकीत तर वीस मासे आहेत’ हा हिशोब आपल्याकडे लावू नये. ५० लिटरला पंधरा मोठे गप्पी बास. खाणं दोन वेळा, एका मिनिटात फस्त होईल एवढंच. एक दिवस उपास पडला तर मासा मरत नाही. गावाला जाताना शेजाऱ्याच्या हाती डबा देऊन गेल्याने मात्र टाक्याच्या टाक्या संपलेल्या आहेत.

रोज सगळं पाणी बदललं तर?

तर मासे लवकर मरतील. दर रविवारी मासे तांब्यात काढून टाकी, खडे, स्पंज सगळं नळाखाली घासून धुवायचं, ही घरोघरची पद्धत आहे. त्यात आठवडाभर वाढलेले जिवाणू मोरीतून वाहून जातात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज चिकट झाला की टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोन-तीनदा पिळावा. साबण तर कशालाच लावू नये. आठवड्याला २० टक्के पाणी नळीने तळाची घाण ओढत काढावं आणि तेवढंच, तापमान जुळवून, हळूहळू घालावं.

उन्हाळ्यात काय करायचं?

२५ ते २८ अंश गप्पीला बरं. ३२ च्या पुढे त्याची तगमग सुरू होते. कारण नुसती उष्णता नाही. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला टाकी ठेवू नये, पत्र्याच्या खोलीत तर नाहीच. झाकण काढून जाळी लावावी आणि टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावा. आपल्या कोरड्या हवेत तेवढ्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं. बर्फ थेट टाकू नये. गोठवलेली पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवली तर चालते.

पण पंखा लावला की दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी उडतं. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. ती तूट बोअरच्याच पाण्याने भरत गेलं की क्षार साठत जातात. ८०० टीडीएसच्या (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) पाण्याने सुरुवात केली असेल, तर दर आठवड्याला १० लिटर बदलूनही दोन महिन्यांत टाकी १२०० च्या आसपास जाते. काचेवर पातळीपाशी खरखरीत पांढरी रेघ दिसली की हेच चाललंय असं समजावं. अशा टाकीत दुकानातला नवा मासा सोडला की तो दोन दिवसांत जातो आणि जुने ठणठणीत असतात. दोष दुकानदाराला मिळतो. उपाय सोपा आहे. रोजची तूट भरायला आरओचं पाणी वापरा, आणि बदलायचं पाणी बोअरचं. पावसाळ्यात पहिल्या दोन-चार सरी सोडून गच्चीवरचं पाणी धरून ठेवलं तर आरओही लागत नाही.

वीज गेली तर पहिले चार-सहा तास अडचण ऑक्सिजनची असते. एअर पंप तीन ते पाच वॅट खातो, इन्व्हर्टरला त्याचा पत्ताही लागत नाही. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा पंप ठेवावा, किंवा दर अर्ध्या तासाने लोटाभर पाणी काढून वरून धार धरून सोडावं. हिवाळ्याचंही भान हवं: परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत कधीकधी पाच अंशांच्या आसपास येतो. तेव्हा ५० लिटरला ५० वॅटचा हीटर लावावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येण्याचा रोग याच दिवसांत येतो. पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेऊन, लिटरमागे १ ते २ ग्रॅम जाडं मीठ विरघळवून टाकलं आणि वेळेत ओळखलं तर मासे सहसा वाचतात.

दुष्काळी भागात ही चैन कशाला?

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या भागात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ५० लिटरच्या टाकीला आठवड्याला बदलायला १० लिटर आणि उन्हाळ्यात वाफेपोटी आणखी आठ-दहा लिटर, म्हणजे बादलीभर पाणी लागतं. बदललेलं पाणी वाया जात नाही. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे कुंडीतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला ते साध्या पाण्यापेक्षा चांगलं. (जाडं मीठ टाकलेल्या दिवसांतलं पाणी तेवढं झाडांना घालू नये.) टँकरच्या रांगेत उभं राहावं लागत असेल त्या महिन्यांत नवी टाकी सुरू करू नये, एवढं मात्र खरं.

पिल्लं कशी वाढवायची?

गप्पीची पिल्लं होतातच, करावी लागत नाहीत. त्यांना जगवणं आणि पुढची पिढी चांगली निपजणं हे काम.

नर लहान, रंगीत. पोटाखालचा मागचा पंख काडीसारखा निमुळता. मादी मोठी, फिकी. तो पंख पंख्यासारखा आणि पोटाच्या मागच्या टोकाला काळसर डाग. एका नराला दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीचा पिच्छा पुरवून तिला दमवतात. गर्भकाळ २२ ते ३० दिवस, एका वेळी वीस ते साठ पिल्लं. मादी नराचं वीर्य अंगात साठवते आणि एकाच मिलनावर पुढे कित्येक महिने, नर नसतानाही, वेत देत राहते. दुकानातली मादी जवळजवळ नेहमी आधीच फळलेली असते. निळा नर निवडून आणला आणि पिल्लं भलत्याच रंगाची निघाली, याचं कारण हे. मनासारखा रंग हवा असेल तर घरच्याच वेतातल्या माद्या तीन आठवड्यांच्या झाल्या की, नराच्या पंखाची काडी दिसू लागायच्या आत, वेगळ्या काढाव्यात.

काळा डाग गडद झाला आणि पोट समोरून चौकोनी दिसू लागलं की मादीला वीसेक लिटरच्या टबात हलवावं. टबात हायड्रिला किंवा जावा मॉस ही पाणवनस्पती दाट घालावी. प्लास्टिकच्या पिल्लूपेटीत दोन-तीन दिवस कोंडलेली मादी बिथरून अर्धवट पिल्लं टाकते, म्हणून टबच बरा. पिल्लं झाली की मादीला परत न्यायचं; ती स्वतःचीच पिल्लं खाते. हायड्रिला तलावातून आणणार असाल तर नीट झटकून, तुरटीच्या पाण्यात बुडवून, धुऊन, आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा. त्यातून चतुराच्या अळ्या येतात आणि एकच अळी रोज चार-पाच पिल्लं आरामात गायब करते. कुठे गेली तेही कळत नाही.

पिल्लांना पहिले दोन आठवडे दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खाणं लागतं. बोटांनी कुस्करलेलं रोजचं खाणं चालतं. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक सगळे सुचवतात, पण तो पाणी इतक्या झपाट्याने नासवतो की नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, सर्वांत उत्तम. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, तळापर्यंत हवेची नळी, २८ अंश आणि वरून दिवा. २४ ते ३६ तासांत नारिंगी ठिपक्यांसारखे जीव वळवळू लागतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं. टरफलं वर तरंगतात, जिवंत जीव खाली जमतात. ते नळीने बारीक कापडावर घ्यायचे, गोड्या पाण्याने धुवायचे आणि त्याच दिवशी संपवायचे.

डासांच्या अळ्याही चालतात. हौदात दिसल्या तर चहाच्या गाळणीने रोज गाळून माशांना घालाव्यात. मात्र मुद्दाम डबडं भरून अळ्या वाढवू नयेत. उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत अळीचा डास होतो आणि मग तुमच्या घरापासूनच डेंग्यू सुरू होतो.

एकाच वेताची आपसात पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली की वाकड्या कण्याची, कमी वाढीची पिल्लं निघू लागतात. दोन-तीन पिढ्यांनी बाहेरचा नर आणावा, आणि तो तीन आठवडे वेगळा ठेवून मगच मिसळावा.

अंडी घालणारे मासे जमतील?

झेब्रा जमेल. तो भारतीय उपखंडातलाच, काटक आहे. तळाला गोट्यांचा थर दिला की पहाटे टाकलेली अंडी गोट्यांच्या फटीत पडतात आणि आईबापांच्या तोंडून वाचतात. दोन-तीन दिवसांत फुटतात. फायटर माशाचा नर बुडबुड्यांचं घरटं करतो, ते बघण्यासारखं असतं, पण त्याची पिल्लं सुरुवातीला इतकी बारीक असतात की आर्टेमियाही त्यांच्या तोंडात मावत नाही. ते वर्षभराने.

मासे फार झाले तर?

नदीत, तलावात, शेततळ्यात सोडू नका. आरोग्य खातं गप्पी सोडतं ते डास होणाऱ्या, साठलेल्या पाण्यात. वाहत्या पाण्यात गेलेला परका मासा तिथल्या देशी माशांची अंडी-पिल्लं खातो आणि घरच्या टाकीतले रोगही सोबत नेतो. काचा साफ करायला घेतलेला सकर मासा तर फूटभर वाढतो, आणि नेमका तोच लोक नदीत सोडून मोकळे होतात. जास्तीचे साधे गप्पी प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारून द्यावेत. काही ठिकाणी गप्पी पैदास केंद्रं असतात.

विकायचा विचार असेल तर आधी गावातल्या दोन दुकानदारांना विचारा, ते मिसळ रंगाचे गप्पी कवडीमोलाने मागतात. एकाच रंगाच्या, सारख्या आकाराच्या जोड्यांना भाव मिळतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपनासाठी ३ लाख रुपये खर्चाचा घटक धरलेला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. अर्ज घेणं चालू आहे का ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच टाक्या बांधायला घ्या. मासे पाठवायच्या आदल्या दिवशी त्यांना खाणं देऊ नका, म्हणजे पिशवीत घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन भरून दुहेरी रबर लावा. मे महिन्यात जालन्याहून बीडला न्यायचे असतील तर थर्माकोलच्या पेटीत, आणि एसटी पहाटेची धरा.